विजेची वाट (लेखांक ६) : दोन्ही दिवे हिरवे, तरी रॅक बंद

गेल्या आठवड्यात आपण युपीएसपर्यंत आलो. तिथून निघालेली वीज रॅकमधल्या एकेका सर्व्हरला वाटते ती मागच्या बाजूची उभी पट्टी, म्हणजे पीडीयू.

तारापूर एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांत असे दोन-तीन रॅक असतात. हिशेब, गेटवरचे कॅमेरे, हजेरी सगळं त्यांच्यावर. शेजारी १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, म्हणजे बोईसरला लाइट जातच नसेल, असं बाहेरच्यांना वाटतं. पण त्या केंद्राची वीज ग्रिडला जाते. कारखान्याला ती महावितरणच्या फीडरवरून मिळते, आणि पावसाळ्यात फीडर पडायचा तो पडतोच. म्हणून पट्ट्या दोन लावतात, ए आणि बी. सर्व्हरलाही पॉवर सप्लाय दोन. एक इकडे, एक तिकडे.

खरी गोम इथेच आहे. समजा दोन्ही पट्ट्या ३२ अँपिअरच्या. ए वर आकडा २४, बी वर २३. दोन्ही दिवे हिरवे, कुणाचीच तक्रार नाही. ए गेली की सर्व्हर बंद पडत नाहीत; सगळा लोड मुकाट्याने बी वर जातो. आता तिथे ४७ अँपिअर. बी चा ब्रेकर, म्हणजे एमसीबी, लगेच पडत नाही, त्यामुळे सगळे म्हणतात, ‘बघा, निभावलं!’ पण आतली धातूची पट्टी तापून हळूहळू वाकत असते. क्षमतेच्या १.४५ पट भार झाला, तर एमसीबी तासाभरात पडायलाच हवा, असं प्रमाणच आहे. इथे भार त्याहून थोडा जास्तच. चहा होईपर्यंत पूर्ण रॅक काळा.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा ऊर्जामंत्र्यांनी दिलेलं कारण याच जातीचं होतं: कळवा-पडघ्याला एका सर्किटची देखभाल चालू, सगळा भार दुसऱ्यावर, आणि त्या दुसऱ्यातच बिघाड.

म्हणून मीटर असलेली पीडीयू घेऊनही प्रत्येक पट्टीचा आकडा वेगळा बघत बसणं माझ्या मते फुकट आहे. बेरीज बघा. ती एका पट्टीच्या ८० टक्क्यांत, म्हणजे साधारण २५ अँपिअरमध्ये बसली पाहिजे. अलार्म २८ वर नको, प्रत्येक पट्टीला १२ वर लावा. तीन फेजची पट्टी असेल तर हीच बेरीज फेजनिहाय. एकूण आकडा ठीक दिसतो आणि एकच फेज भरलेला असतो.

नियंत्रणाची पीडीयू महाग असते, पण तिच्यात सॉकेट दुरून बंद-चालू करता येतो. रात्री अडकलेला नेटवर्क स्विच रीस्टार्ट करायला पालघरहून कुणाला गाडी काढावी लागत नाही. शिवाय वीज परत आल्यावर सगळे सर्व्हर एकदम उठले, तर पहिल्याच झटक्यात ब्रेकर उडू शकतो. ही पट्टी त्यांना काही सेकंदांच्या अंतराने एकेक करून उठवते. मात्र पीडीयूबरोबर आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवलात, तर ते बटण दुसऱ्याच कुणाच्या हाती जाईल.

या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन आणि इलेक्ट्रिशियनला शेजारी उभं करून, ए चा ब्रेकर मुद्दाम खाली करा. बी चा आकडा वहीत लिहा. तो २५ च्या वर गेला, तर नवा सर्व्हर त्या रॅकमध्ये लावू नका.