टॉपच्या वरचा गिअर

बालमित्रांनो, आधी एक काम करा. घरची सायकल अंगणात उलटी करा आणि पॅडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात मोजा. मग मागच्या छोट्या चक्राचे मोजा. समजा पुढे ४४ आहेत आणि मागे १८. ४४ भागिले १८ म्हणजे सुमारे २.४. याचा अर्थ तुमचा पाय एक फेरी मारतो तेव्हा मागचं चाक जवळजवळ अडीच फेऱ्या मारतं. म्हणून तर पाय सावकाश चालतात आणि सायकल भरभर जाते. पण चढ आला की हीच सायकल ढकलत न्यावी लागते!

मोटारीतलं गणित नेमकं उलटं असतं. तिथे इंजिन खूप फेऱ्या मारतं आणि चाक कमी. आज आपण अशाच एका जुन्या गाडीचं गणित करणार आहोत आणि तिला जास्तीचा गिअर लावायचा तर तो कसा निवडावा तेही पाहणार आहोत. आईबाबांनाही जवळ बसवा, कारण पैसे त्यांचे जाणार आहेत.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की आठवते जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीने ती सैन्यासाठी बनवली. नंतर महिंद्राने मुंबईत तिचे सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली आणि पुढे इथेच भाग घडवले. उंच नाकाडाची ती सीजे-३बी तुम्ही कुठल्या तरी वाड्याच्या पडवीत किंवा शेतातल्या गोठ्याजवळ उभी पाहिली असेल. विलीजच्या त्या काळच्या जीपला गिअर फक्त तीन. तिसरा, म्हणजे टॉप गिअर, सरळ असतो. इंजिनाची एक फेरी म्हणजे पुढच्या शाफ्टचीही एकच फेरी.

पण त्या शाफ्टपासून चाकापर्यंत अजून एक जोडी दाते असतात. विलीजच्या नागरी जीपमध्ये त्यांचं प्रमाण ५.३८ असं असे. शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक. आता पाटी घ्या. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे ४४४ फेऱ्या. त्याला ५.३८ ने गुणा. उत्तर आलं जवळजवळ २४००! आणि ताशी ८० ला? सुमारे ३२००. या इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद मिनिटाला ४००० फेऱ्यांना मिळते. म्हणजे ८० लाच बिचारं इंजिन ओरडू लागतं, पेट्रोल पितं आणि आत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

यात कंपनीची चूक नव्हती. जीप चिखलात आणि नांगरटीत चालायला बनली होती. तिला जोर हवा होता, वेग नव्हे. आता रस्ते बदलले. आपल्या वाशिम जिल्ह्यातून, मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून, ७०१ किलोमीटरचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग गेला. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. तिथे आजच्या मोटारी १२० च्या वेगाने जातात. साहजिकच जुन्या जीपच्या मालकाला वाटतं, आपल्या गाडीलाही टॉपच्या वरचा एक गिअर हवा.

या वरच्या गिअरला म्हणतात ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिनाची फेरी एकापेक्षा कमी आणि शाफ्टची एक. जीपसाठी अमेरिकेत ओव्हरड्राइव्हची एक वेगळी पेटीच मिळायची, फेऱ्या पावपट कमी करणारी. मघाच्या २४०० चा पाऊण करा. झाले १८००! वेग तोच, इंजिन मात्र शांत. आपल्याकडे बरेच जण दुसरा मार्ग धरतात. नंतरच्या काळातल्या जीपचा पाच गिअरचा बॉक्स आणतात, त्यात पाचवा ओव्हरड्राइव्ह असतो. हा बॉक्स बहुधा गॅरेजवाल्याने खोलून पुन्हा बांधलेला असतो.

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांपुढेही अगदी हाच प्रश्न येतो. त्यांची आवडती गाडी म्हणजे मसल कार. मसल म्हणजे दंडाचा स्नायू. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन! १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ घ्या. तिचं इंजिन सुमारे ६.४ लिटरचं. मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली तर जेवढं होईल तेवढं. या गाड्या पुष्कळदा ऑटोमॅटिक असत, म्हणजे चालवणाऱ्याला क्लच दाबावा लागत नसे. पण गिअर दोन किंवा तीनच, आणि टॉप सरळ. हमरस्त्यावर त्यांचं इंजिनही आपल्या जीपसारखंच ओरडतं.

हे ऑटोमॅटिक चालतं तरी कसं? टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. (हा प्रयोग मोठ्यांच्या देखत करा, आणि बोटं लांब.) गाडीत हवेऐवजी तेल असतं. इंजिनाचा पंखा तेल ढकलतो, तेल समोरचा पंखा फिरवतं. त्यामागे गिअरचं एक गमतीदार कुटुंब बसलेलं असतं. मधल्या चाकाला सूर्य म्हणतात, भोवतीच्या छोट्या चाकांना ग्रह, आणि सगळ्यांना वेढणारं एक दातेरी कडं. यातलं कोणाला धरून ठेवायचं आणि कोणाला फिरवायचं, यावर वेग ठरतो. सूर्याला घट्ट धरलं आणि ग्रहांची चौकट फिरवली, तर बाहेरचं कडं चौकटीपेक्षा जास्त वेगाने फिरतं. हाच ओव्हरड्राइव्ह! धरण्या-सोडण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पट्ट्या आणि क्लच प्लेटा करतात.

१९७३ मध्ये जगात तेलाची टंचाई आली. मग अमेरिकी कंपन्यांना पेट्रोल वाचवण्याची जाग आली आणि ओव्हरड्राइव्हवाले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निघाले. जनरल मोटर्सचे दोन प्रसिद्ध आहेत. १९८१ चा २००-४आर आणि १९८२ चा ७००-आर४. आज जुन्या मसल कारला यांतलाच एखादा, बांधलेला, बसवतात. मग कोणता घ्यावा?

दुकानात ‘नंबर एक माल’ अशी पाटी वाचून कोणी ठरवलं तर तो फसलाच. आधी आपल्या गाडीला विचारायचं. ७००-आर४ चा पहिला गिअर ३.०६, म्हणजे निघताना जोर चांगला. पण दुसरा एकदम १.६३. दोन पायऱ्यांमध्ये इतकं अंतर की चढताना गुडघा दुखावा. २००-४आर चा पहिला २.७४ आणि दुसरा १.५७, त्यामुळे चढण जरा सरळ. वरचा गिअर पहिल्याचा ०.७०, दुसऱ्याचा ०.६७. इंजिन ३००० फेऱ्या घेत असेल तर ते २१०० आणि २०१० वर येईल. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे असं विचारणाऱ्यांनी इथे थांबून हा गुणाकार एकदा स्वतः करावा!

मग येते लांबी. जुन्या तीन गिअरच्या आखूड बॉक्सच्या जागी २००-४आर बसवला तर शाफ्ट बहुधा तोच चालतो. ७००-आर४ सुमारे तीन इंच लांब, त्यामुळे शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. शिवाय बोल्टांची भोकं जुळली पाहिजेत. ७००-आर४ शेव्हरोलेच्या इंजिनाला जुळतो. २००-४आर ला दोन्ही प्रकारची भोकं असतात, म्हणून तो पॉन्टियाकलाही लागतो. माझं मत विचाराल तर नुसत्या दमदार बॉक्सपेक्षा गाडीत कापाकापी न करता बसणारा बॉक्स चांगला.

दोघांनाही एक बारीक तार असते. ती कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि पाय किती दाबला हे आत कळवते. त्यावर तेलाचा दाब ठरतो. तार ढिली राहिली तर दाब कमी पडतो, क्लच प्लेटा घसरतात आणि थोड्याच अंतरात जळतात. महागडा बॉक्स खराब होतो एका स्वस्त तारेपायी! म्हणून विकणाऱ्याला विचारायचं, तार कशी बसवायची ते तुम्ही सांगाल का? तो ‘होतंय हो’ म्हणाला तर उठून यावं.

बांधलेला म्हणजे नक्की काय केलेला, हेही विचारायला हवं. नुसतं धुऊन चंदेरी रंग मारलेल्या बॉक्सलाही लोक बांधलेला म्हणतात. सगळ्या क्लच प्लेटा नव्या टाकल्या का? सील, बेअरिंगं, पट्टी? ते तेलाचे पंखे नवे की जुनेच? बांधून झाल्यावर यंत्रावर फिरवून पाहिला का? तेलाच्या नळ्या मात्र आपल्यालाच साफ करायच्या असतात, नाहीतर जुना कचरा नव्या बॉक्समध्ये जातो. ऑटोमॅटिकचं तेल बहुधा लाल असतं. ते तपकिरी झालं आणि त्याला करपल्याचा वास आला, तर आतल्या प्लेटा जळाल्या असं समजावं.

अमेरिकेतले दुकानदार जुना बॉक्स परत मागतात, आणि तो देईपर्यंत अनामत ठेवून घेतात. आपली बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं देते ना, तसंच. तुमचा जुना बॉक्स उद्या कोणासाठी तरी बांधला जातो.

आता आपल्या जीपकडे या. हिचा बॉक्स हाताचा आहे, त्यामुळे तपासणी सोपी. झाकण उघडायला लावा. दात्यांची टोकं तुटलेली नकोत. आतल्या पितळी कड्या झिजलेल्या नकोत. जुन्या तेलात पितळेची चमकी दिसली तर त्या झिजल्याच. शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. तो खडखडला तर बेअरिंग गेलेलं आहे. हे सगळं बॉक्स टेबलावर असतानाच पाहायचं, गाडीखाली चढल्यावर नाही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र गिअरबॉक्सच्या बाहेर आहे. सीजे-३बी च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर फक्त ८० इंच. लांब बॉक्स घातला की मागचा शाफ्ट फारच आखूड होतो, तिरका बसतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. आणि ब्रेक? ते जुन्या काळचेच. गिअर वाढला म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ओव्हरड्राइव्ह त्याच वेगाला इंजिनाचे श्रम वाचवण्यासाठी असतो. कोणी तो शंभराच्या वर पळवण्यासाठी मागत असेल, तर आईबाबांनो, त्याला आधी ब्रेक दाखवायला सांगा. उघड्या जुन्या जीपने समृद्धीवर जाण्यापेक्षा गावच्या रस्त्याने ५०-६० ने जाण्यातच मजा आहे, असं मला तरी वाटतं. तेवढ्यासाठी तीन गिअर पुरतात. शेताच्या वाटेवर तर ओव्हरड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही, कारण त्यात चाकाचा जोर कमी होतो. रोज लांब पल्ला असेल तरच खर्च करावा.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्याबद्दलचे नियम आहेत, तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत विचारून यावं. जीप ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. मात्र तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

आणि बॉक्स बदललाच, तर जीपचा मूळचा तीन गिअरचा बॉक्स भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. त्यात तेल भरा, तोंडं कापडाने बांधा, गोणपाटात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. त्याच्यावरचा नंबर मुलांना वहीत उतरवून ठेवायला सांगा.