तारेवरचं इंटरनेट (भाग ६) : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

मागच्या आठवड्यात आपण मोडेमच्या किरकिरीचा अर्थ लावला. दोन मोडेम एकमेकांचा अंदाज घेतात आणि वेग ठरवतात, तिथवर आलो होतो. त्यानंतरच्या काही सेकंदांत जे घडायचं, ते फारच थोडं होतं. ते किती थोडं आहे हे ग्राहकाला कळलं असतं, तर पुढचा बराच मनस्ताप टळला असता.

मोडेम जुळले की संगणक पीपीपी या प्रोटोकॉलनं पलीकडच्या सर्व्हरशी बोलू लागायचा. आधी सदस्यनाव आणि पासवर्ड जायचा. तो पटला की सर्व्हर त्या जोडणीपुरता एक आयपी पत्ता द्यायचा, सोबत डीएनएस सर्व्हरचे पत्ते. झालं, इंटरनेट सुरू! एवढ्यासाठी लागणारं सगळं सामान विंडोज ९५मध्ये आधीच होतं. 'माय कॉम्प्युटर' उघडायचं, 'डायल-अप नेटवर्किंग'मध्ये नवं कनेक्शन तयार करायचं, फोन नंबर टाकायचा. आपल्याकडे विदेश संचार निगमानं १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा खुली केली, त्यानंतर टीसीपी/आयपी खातं घेणाऱ्यांना विंडोज ९५वर एवढंच करावं लागे. वेगळी सीडी लागत नसे.

अमेरिकेत मात्र सीडीचाच पाऊस पडला. अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, या कंपनीनं आधी फ्लॉपी आणि मग सीडी घरोघरी पाठवल्या. मासिकांत घालून दिल्या, दुकानांच्या काउंटरवर ठेवल्या. संगणकाला कधी हात न लावलेल्या लाखो माणसांना त्या सीडीनं इंटरनेटपर्यंत नेलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण एओएलचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसता डायलर नव्हता. ईमेल, गप्पांच्या खोल्या, बातम्या, ब्राउझर असा सगळा संसार त्यात भरलेला. शिवाय तिथला लॉगिन तिच्या स्वतःच्या पद्धतीचा होता. विंडोजच्या डायल-अप नेटवर्किंगमधून थेट आत शिरता येत नसे, म्हणून तो बोजा टाळण्याची सोयच नव्हती.

त्या काळी घरच्या संगणकात ३२ मेगाबाइट मेमरी असणं सर्रास होतं. असा कार्यक्रम उघडला की हार्ड डिस्क घरघरत राही आणि खिडकी बदलायलाही वाट पाहावी लागे. अद्ययावत फायली तारेवरूनच उतरायच्या. '५६के' मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट मिळत. म्हणजे दहा मेगाबाइटसाठी अर्धा-पाऊण तास फोन अडकून पडणार. घरात फोन एकच असेल, तर तो वेळ सगळ्या कुटुंबाचा गेला.

ऑक्टोबर १९९९मध्ये आलेल्या एओएल ५.०नं यापुढचं पाऊल टाकलं. एओएल हे तुमचं नेहमीचं इंटरनेट सॉफ्टवेअर करायचं का, असा प्रश्न बसवताना विचारला जाई. प्रश्न साधा वाटायचा, माणसं 'हो' म्हणून मोकळी व्हायची. त्या एका 'हो'नं विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये बदल होत. दुसऱ्या कंपनीची जोडणीही वापरणाऱ्या अनेकांची ती जोडणी बंद पडली. २०००च्या सुरुवातीला ग्राहक कोर्टात गेले आणि ८ अब्ज डॉलरपर्यंतच्या भरपाईची मागणी झाली. ग्राहकानं सांगितलं तेच आम्ही केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. परिणाम न सांगता मिळवलेल्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

जाणकार मंडळी यातून वाट काढत. कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क'मध्ये 'एओएल ॲडॅप्टर' नावाची नोंद दिसे. हे खरं कार्ड नव्हे, सॉफ्टवेअरनं उभं केलेलं. ते काढलं की विंडोज आपली मूळ सीडी मागे. दुकानातून तयार संगणक घेतलेल्यांकडे ती नसायची. मग 'सी' ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'ऑप्शन्स' आणि त्यात 'कॅब्ज' शोधायचं. पुष्कळ संगणकांवर त्याच फायली तिथे ठेवलेल्या असत. विंडोज ९८ असेल तर 'रन'मध्ये 'एमएसकॉन्फिग' टाकून 'स्टार्टअप'मधल्या अनावश्यक खुणा काढायच्या, म्हणजे संगणक सुरू होताच घड्याळाशेजारी ठाण मांडणारी चित्रं कमी होत. ज्या कंपन्या साधं पीपीपी देत, त्यांच्या बाबतीत तर सीडी बाजूला ठेवून नंबर, नाव आणि पासवर्ड एवढ्यावर काम भागे.

खोड मात्र गेली नाही. ऑगस्ट २००६मध्ये हार्वर्ड आणि ऑक्सफर्डच्या अभ्यासकांच्या पाठबळानं चाललेल्या 'स्टॉपबॅडवेअर' उपक्रमानं एओएल ९.०च्या मोफत आवृत्तीवर ठपका ठेवला. न सांगता इतर सॉफ्टवेअर बसवणं, ब्राउझरमध्ये भर घालणं आणि काढून टाकल्यावरही पूर्ण न निघणं, अशा त्या तक्रारी होत्या.

एवढं असूनही माणसं सोडून का जात नव्हती? त्याचं मोठं कारण ईमेलचा पत्ता. तो कंपनीच्या नावाला कसा बांधला गेला, ते पुढच्या भागात पाहू.