फोटो एक, जागा एवढी का?

बारशाची गडबड ऐन रंगात येते आणि नेमका तेव्हाच मोबाइल सांगतो, 'जागा शिल्लक नाही.' मग घाईघाईने जुने फोटो पुसले जातात. 'नातेवाइकांना पाठवलेत ना, त्यांच्याकडून परत घेऊ,' अशी मनाची समजूत घातली जाते. वर्षभराने त्यातलाच एक मोठा करून भिंतीवर लावायला जावे, तर बाळाचा चेहरा पुसट आणि चौकडीचौकडीचा दिसतो. ही हळहळ टाळायची, तर फोटो इतकी जागा का घेतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लिहून ठेवतो : लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके असतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येकी तीन आकडे धरले, तर ३ कोटी ६० लाख आकडे, म्हणजेच ३६ मेगाबाइट! उलट, दोनशे पानी मराठी पुस्तकाच्या नुसत्या मजकुराला साधारण एक मेगाबाइट पुरतो.

१९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. त्यात १७६ बाय १७६, म्हणजे जेमतेम ३१ हजार ठिपके होते. चित्राची लांबी आणि रुंदी दुप्पट केली, की ठिपके चौपट होतात. जागा भराभर संपते ती यामुळेच.

मग मोबाइलमध्ये हाच फोटो तीन-चार मेगाबाइटचाच कसा दिसतो? ही किमया १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'जेपेग' पद्धतीची. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगांतला बारीक फरक तितकासा कळत नाही. हे हेरून ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि नजरेला न जाणवणारे बारकावे गाळून टाकते. निरभ्र आकाश त्यामुळे थोड्या जागेत मावते, पैठणीच्या पदराला मात्र जास्त जागा लागते.

मात्र एकदा गाळलेले परत मिळत नाही. फोटोत फेरफार करून तो पुन्हा साठवला, की आणखी थोडे गळते. संदेशातून पाठवताना तर बहुतेक वेळा ठिपकेच कमी केले जातात. म्हणून नातेवाइकांकडे असते ती मूळ फोटोची लहान प्रत. नुसते पाहिल्याने किंवा जशीच्या तशी नक्कल केल्याने मात्र काही बिघडत नाही.

तेव्हा जागा हवी असेल, तर आधी हललेले, दुबार आलेले फोटो आणि नको असलेले व्हिडिओ काढा. जिव्हाळ्याचे मूळ फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि दुसऱ्याला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. जागा पुन्हा विकत घेता येते, बाळाचे ते बोळके हसू नाही.