मारेगाव ते चंद्रपूर : दोघांसाठी एक दिवस

नवरा-बायको दोघेच, हाती काही काम नसताना, केवळ हिंडण्यासाठी एक दिवस शहरात जाऊन आले, असे मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी क्वचितच ऐकू येते. शहरात जायचे ते दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी किंवा मुलाच्या प्रवेशासाठी. मजेसाठी जातो म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "कशाला?" आणि लगेच दुसरा, "मग मुलांनाही न्या ना सोबत!" परिणामी लग्नाला दहा-बारा वर्षे झालेल्या जोडप्यालाही एकमेकांसोबत घराबाहेर घालवलेले दिवस बोटांवर मोजता येतात. असा एक दिवस काढायचाच, तर तो कोठे व कसा घालवावा, याचा हा विचार.

जिल्ह्याचे ठिकाण म्हणून यवतमाळ प्रथम डोळ्यांपुढे येते. पण यवतमाळ हे मारेगावकरांच्या लेखी कामाचे गाव. तेथे गेले की कोणते तरी कार्यालय आठवते आणि कोणी तरी ओळखीचा भेटतो. नागपूर गाठायचे तर दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. उरते चंद्रपूर. ते दुसऱ्या जिल्ह्यात असले, तरी वणीमार्गे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे यवतमाळपेक्षाही थोडे जवळच. हे नाते आजचे नाही. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नावच 'वणी' होते आणि वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपून चांदा सुरू होई. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, वणी विधानसभा क्षेत्रातील मारेगावकर लोकसभेसाठी मतदानही चंद्रपूरच्याच उमेदवारांना करतात. ज्या शहराचा खासदार आपण निवडतो, ते एकदा सवडीने पाहायला हरकत नसावी.

खर्चाची बाब मोठी नाही. एस.टी.मध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत १७ मार्च २०२३ पासून लागू झाली. म्हणजे दोघांना मिळून दीड तिकीट. पती पंचाहत्तरी ओलांडलेला असेल, तर २६ ऑगस्ट २०२२ पासूनच्या योजनेनुसार त्याचा प्रवास विनामूल्य, आणि मग अर्ध्या तिकिटात दोघांची सहल! तरुणांनी हेवा करावा अशीच ही सोय आहे. वयाचा पुरावा मात्र सोबत ठेवावा.

वेळेचे गणित अधिक बिकट. मारेगावला एस.टी.चे आगार नाही. येथे थांबतात त्या दुसरीकडून आलेल्या गाड्या. थेट गाडीच्या भरवशावर न राहता मिळेल त्या गाडीने वणी गाठावी व तेथे चंद्रपूरची गाडी धरावी. अंतर दिवस खात नाही, तो खातो वणीच्या फलाटावरचा खोळंबा. तेव्हा सकाळी सातच्या आत निघणे उत्तम. वणीपासून पुढे घुग्घुसपर्यंतचा रस्ता कोळशाच्या ट्रकांचा आहे. नवी साडी नेसलेल्या सौभाग्यवतीने खिडकीजवळ बसू नये, आणि बसलीच तर रुमाल जवळ असू द्यावा.

ऋतूही पाहावा. चंद्रपूरचा उन्हाळा देशात कुप्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवाळीनंतर हवा चांगली असते, पण तेव्हा कापसाची वेचणी चालू असते आणि शेतकरी जोडप्याला शेत सोडवत नाही. वेचणीचा जोर ओसरल्यावरचे जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस त्यांना सोयीचे. चैत्रात महाकालीची यात्रा असते. त्या वेळी मराठवाड्यातूनही भाविकांची रीघ लागते. दोघांना निवांतपणा हवा असेल, तर तो काळ टाळावा.

आता पाहायचे काय? ताडोबाचा मोह या दिवसापुरता आवरावा. जंगल पाहायला मुक्काम हवा. चंद्रपूर म्हणजे वीजकेंद्राची धुराडी, अशी आपली समजूत असते. परंतु शहराच्या पोटात गोंड राजांची राजधानी अजून उभी आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे असलेला तिचा परकोट झाडाझुडपांत हरवला होता. 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी मार्च २०१७ पासून तो श्रमदानाने साफ करण्यास घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला.

दोघांनी अर्धा दिवस राखून ठेवावा तो अंचलेश्वर दरवाजाच्या परिसरासाठी. खांडक्या बल्लाळशाह या राजाच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पाण्याने बरे झाले, ही आख्यायिका येथलीच. हा गुण प्रथम राणीच्या लक्षात आला आणि नगर वसवण्याचा सल्लाही तिचाच, असे सांगतात. मंदिराशेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधी राजा बीरशाहची, आणि ती बांधवली त्याच्या राणीने, हिराईने. बायकोच्या आठवणीत नवऱ्याने बांधलेली वास्तू आग्र्यास पाहायला लोक हजार किलोमीटर जातात. नवऱ्याच्या आठवणीत बायकोने उभारलेली ही वास्तू सत्तर किलोमीटरवर असून आपल्यातील कितीजण पाहून आले?

पारंपरिक इतिहास या कथेला आणखी एक पदर जोडतो. मुलगा नसल्याने बीरशाह दुसरे लग्न करावयास निघाला असता त्याची हत्या झाली, असे तो सांगतो. ही घटना १७०४ च्या सुमाराची. ज्या नवऱ्याने सवत आणण्याचे ठरवले, त्याचीच समाधी हिराईने बांधावी, हे प्रेम की कर्तव्य? दगडी पायऱ्यांवर बसून नवरा-बायकोने यावर खुशाल वाद घालावा. घरी तशी सवड मिळत नाही. हिराई मात्र शोकात बसून राहिली नाही. रामशाहला दत्तक घेऊन तिने राज्यकारभार सांभाळला, महाकालीचे मंदिर बांधवले. ते मंदिर येथून पायी जाण्याजोगे आहे. ज्यांना घरी 'देवदर्शनाला जातो' असे सांगून निघावे लागले असेल, त्यांचाही शब्द त्यामुळे खरा होतो.

दुपारच्या जेवणानंतर फार ठिकाणे करू नयेत. रामाळा तलावाकाठी बसावे, गोल बाजारात फिरावे, मनात असल्यास एखादा सिनेमा पाहावा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, ज्या जागी धम्मदीक्षा दिली, ती दीक्षाभूमीही शहरातच आहे. खरेदीची यादी मात्र घरीच ठेवावी. सासूबाईंचे औषध, धाकट्याचे बूट, ट्रॅक्टरचा सुटा भाग असे करता करता सहलीचे काम होऊन बसते.

परतीसाठी चारच्या पुढे थांबू नये. चंद्रपूरहून वणीला येणे त्या मानाने सोपे. अडते ते वणीहून पुढे. म्हणून मारेगावकडची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे सकाळी वणीला उतरल्याबरोबरच चौकशीच्या खिडकीवर विचारून दोघांनीही लक्षात ठेवावे.