मुलांचे डोळे सुजतात तेव्हां

सकाळीं मुलाच्या डोळ्यांभोंवतीं सूज दिसली, कीं घरांतील वडील मंडळी तिला सर्दी, जागरण किंवा दृष्ट म्हणून सोडून देतात. पुढें पाय सुजतात, लघवी फेंसाळ होते, आणि मग डॉक्टरांकडे धांव घेतली जाते. या विकारास नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो.

आमच्या नागपुरांत लकडगंज ही लाकडाची पेठ. तेथील जाणता व्यापारी सालीवरून ओंडक्याची पारख करीत नाहीं. तो आंतील गाभा पाहतो. येथेंही सूज ही केवळ साल होय. खरा बिघाड मूत्रपिंडाच्या गाळणींत असतो. ती गळूं लागली, कीं रक्तांतील अल्ब्युमिन लघवीवाटे जातें आणि अंगांत पाणी सांचतें.

या गाळणीच्या विणींत नेफ्रिन नांवाचें प्रथिन असतें. फिनलंडमधील बालकांच्या एका जन्मजात रोगाचा शोध घेतांना १९९८ सालीं त्याचा पत्ता लागला. परंतु जन्मतः निकोप असलेलीं मुलें पुढें आजारी कां पडतात? हँबुर्गच्या संशोधकांनीं इतरांच्या सहकार्यानें केलेलें संशोधन २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांचा रोग जोरांत होता व ज्यांस प्रतिकारशक्ति दाबणारें औषध चालू नव्हतें, अशा मुलांपैकीं शेंकडा ९० जणांच्या रक्तांत नेफ्रिनविरुद्ध प्रतिपिंडें सांपडलीं. म्हणजे शरीराचे रक्षकच घरच्या भिंतीवर उठले होते! रोग ओसरतांच हीं प्रतिपिंडेंही घटतात. रक्तांतील अशा खुणेवरून औषध कोणाचें कमी करावें, कोणास दुसरें द्यावें, हें पुढें ठरवितां येईल अशी आशा आहे.

तोंवर घराचें कर्तव्य सोपें आहे. रोज सकाळीं मुलाच्या लघवींत तपासणीची पट्टी बुडवावी आणि उतारा वहींत टिपावा. ओळीनें तीन दिवस ३+ आल्यास रोग उलटला असें समजून डॉक्टरांस भेटावें. एकत्र कुटुंबांत हें काम एकाच माणसाकडे असावें. नाहींतर प्रत्येकास वाटतें, दुसऱ्यानें पाहिलें असेल.

प्रेडनिसोलोननें बहुतेक मुलांची सूज उतरते. मात्र भूक वाढते, चेहरा गोल होतो. त्यास भिऊन माउलीनें किंवा आजीनें औषध मध्येंच थांबवूं नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. पहिल्या खेपेस तें साधारणतः सहा आठवडे रोज व सहा आठवडे एक दिवसाआड द्यावयाचें असतें. तें एकाएकीं तोडणें मुलाच्या जिवावर बेतूं शकतें.