बालवाडीतली दोस्ती

तीन वर्षांचं पोर बालवाडीत नवं नवं जातं, तेव्हा ते दुसऱ्याशी खेळत नाही. त्याच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळतं. खेळणं दिसलं की ओढून घेतं. नाही मिळालं तर चावतं. म्हणून ते पोर वाईट का? मुळीच नाही. चालणं-बोलणं जसं शिकावं लागतं, तशी दोस्तीही शिकावी लागते. चार-पाच वर्षांची होता होता मुलं मिळून खेळू लागतात.

‘भांडू नका’ असं नुसतं सांगून लहान मुलाला उमज पडत नाही. गोष्टीनं पडते. पंचतंत्रातली कबुतरांची गोष्ट घ्या. दाण्याच्या लोभानं कबुतरं जाळ्यात अडकली. त्यांचा राजा चित्रग्रीव. त्याच्या सांगण्यावरून सगळी एकदम उडाली, ती जाळं घेऊनच उडाली! पुढं हिरण्यक उंदराकडं गेली. उंदीर चित्रग्रीवाचा मित्र. तो आधी मित्राचं जाळं कुरतडू लागला. पण राजानं त्याला थांबवलं. आधी माझ्या सोबत्यांना सोडव, असं त्यानं सांगितलं.

गोष्ट सांगताना एक जुनं लुगडं भुईवर पसरा. एका मुलाला ते उचलायला सांगा. एकच कोपरा वर येतो. मग सगळ्यांनी कडा धरून उचलायचं. लुगडं वर जातं आणि पोरं हसू लागतात. वेगळं समजावून सांगायला नको.

चिमणी-कावळ्याची गोष्ट तर घरोघरची. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं आणि चिमणीनं दार लवकर उघडलंच नाही. आम्हाला ती चिमणी काही आवडत नाही! पण गोष्ट टाकू नये. मुलांना विचारावं, ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ उत्तरं ऐकण्याजोगी असतात.

मग चित्र काढू द्यावं. पालघर भागातले वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढतात. तारपा वाजवणारा मध्ये, भोवती हातात हात घातलेले नाचणारे. आपणही तसंच करू. गेरू सारवलेली भिंत, कालवलेलं पीठ नि काड्या. प्रत्येकानं एक माणूस काढायचा, पण त्याचा हात शेजारच्याच्या माणसाला लागला पाहिजे. पिठाची वाटी दोघांत एकच द्यावी. दोन दिल्या तर मागणं नाही, थांबणं नाही, मग शिकणार काय?

याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडला गेलं. गरिबांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माती, पानं, बिया हीच खेळणी केली. सरकारच्या अंगणवाड्या १९७५ साली निघाल्या, त्या मागाहून.

आता आपल्या घरचं बघा. बालवाडीत दोन पोरं एका वाटीतून पीठ घेतात. घरी कुणी म्हणतं, ‘त्या वाड्यातल्या पोराजवळ बसू नको हं.’ पोराला जात ठाऊक नसते. ती आपण शिकवतो. दुसऱ्या दिवशी ते पोर आपली वाटी उचलून कोपऱ्यात बसतं, आणि बाईंची महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

संध्याकाळी पोर घरी आलं की, ‘आज काय काढलंस?’ एवढंच विचारू नका. ‘तुझ्या माणसानं कुणाचा हात धरलाय?’ असं विचारा. ते नाव सांगेल. त्या पोराला एक दिवस आपल्या ओसरीवर खेळायला बोलवा.