श्रेष्ठ कोण?

पावर हाउस हा भिलाईतील गजबजलेला भाग. याच पोलादनगरीत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी २०१८ मधील निधनापर्यंत छत्तीसगडच्या अनेक बास्केटबॉलपटू मुली घडविल्या. त्यांतील पूनम चतुर्वेदी यांची उंची जवळजवळ सात फूट. परंतु बास्केटखाली उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत चेंडू पोहोचविणारे हात नसतील, तर त्या उंचीचा उपयोग काय?

निरनिराळ्या काळांतील खेळाडूंची तुलना इथेच अडते. अमेरिकेच्या बिल रसेल यांनी १९५७ ते १९६९ या काळात बोस्टनकडून ११ विजेतेपदे मिळविली. मायकल जॉर्डन यांची ६. म्हणून रसेल श्रेष्ठ म्हणावेत काय? त्यांच्या वेळी संघ थोडे होते, आणि दुरून केलेल्या बास्केटला तीन गुण देण्याचा नियम त्या स्पर्धेत १९७९ मध्ये आला. शिवाय सोबतीला बॉब कूझी, सॅम जोन्स यांच्यासारखे खेळाडू होते.

जॉर्डन यांनाही पहिले विजेतेपद सातव्या हंगामात, स्कॉटी पिपेन यांच्या साथीने लाभले. १९९३ मध्ये जॉर्डन खेळातून बाहेर पडले, तेव्हा शिकागोचा संघ कोलमडेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पिपेन यांच्या साथीदारांनी पुढील हंगामात ५५ सामने जिंकले. आधीच्या हंगामात ती संख्या ५७ होती. विजेतेपद मात्र हुकले.